खडूने लिहिलेला ‘एल’

श्री. रा. रा. केबलशेठ यांसी,


पत्रास कारण की, गेल्या महिन्यात आमच्या पस्तीस वर्षे जुन्या फ्लॅटचे वायरिंग बदलायला काढले. वायरमनने यादी लिहून दिली, ती घेऊन मी पुण्याच्या तापकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने काउंटरवर लाल, पिवळ्या, निळ्या, काळ्या आणि हिरव्या कॉइलींची चळत लावली. प्रत्येक खोक्यावर एक हिरवे पान, पानाखाली ‘लेड फ्री’, त्याखाली ‘पर्यावरणस्नेही’ आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, तुमच्या कारखान्याचे नाव. शेठ, ते वाचून माझे डोळे पाणावले. नंतर लक्षात आले की ते नव्या कॉइलच्या वासाने पाणावले होते.

ओळख पटली नसेल तर सांगतो. तुमच्या लॅबमध्ये मी अकरा वर्षे केमिस्ट होतो. कारखान्याचे नाव-गाव इथे लिहीत नाही. एकतर तुम्हाला ते ठाऊक आहे. आणि दुसरे म्हणजे, तुमचे नाव घेतले की तुमचे बाकीचे धंदेबंधू ‘मी नाही त्यातली’ म्हणत आतून कडी लावून घेतील. त्यांनाही हे पत्र आपलेच वाटावे अशी इच्छा आहे.

तुमच्या स्टोअरमध्ये स्टॅबिलायझरची पोती दोन भिंतींना लावलेली असत. एका भिंतीच्या पोत्यांवर खडूने ‘ई’, दुसरीकडच्या पोत्यांवर ‘एल’. ई म्हणजे एक्स्पोर्ट, एल म्हणजे लोकल. नव्याने लागलेल्या एका पोराने मला पहिल्याच आठवड्यात विचारले होते, “सर, एल म्हणजे लेड ना?” मी त्याला हसून सांगितले, “अरे, लोकल.” तो पोरगा बारावी नापास होता आणि मी एम.एस्सी. आज वाटते, आमच्या दोघांच्या मार्कलिस्टी कुठेतरी बदलल्या गेल्या असाव्यात.

वाचकांसाठी थोडे सांगायला हवे, कारण तुम्ही त्यांना कधीच सांगणार नाही. वायरीवरचे आवरण पीव्हीसीचे. या पीव्हीसीची खोड अशी की तापले की ते हायड्रोजन क्लोराइड सोडू लागते आणि स्वतःच सडत जाते. आणि तापवल्याशिवाय तर ते एक्स्ट्रूडरमधून तांब्यावर चढत नाही. म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालायचा. शिशाचे क्षार हे काम फार इमानाने करतात. त्यातून तयार होणारे लेड क्लोराइड पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे ओल आली तरी आवरण वीज अडवण्यात कमी पडत नाही. स्वस्त, गुणी आणि विषारी: आपल्याकडे अशा उमेदवाराला कुठेही नोकरी मिळते. पण पर्याय नाही असे नाही. कॅल्शियम-झिंकचे स्टॅबिलायझर आहेत. तुमच्या ‘ई’ भिंतीला तेच तर होते! युरोपातल्या पीव्हीसी उद्योगाने २०१५ साल संपता संपता शिशाचे स्टॅबिलायझर आपणहून बंद केले. तिथे काळोख झाल्याचे ऐकिवात नाही.

आता ‘एल’ची पाककृती. रेझीन १०० किलो, आवरण मऊ राखणारे डीओपी ५०, कॅल्साइट ५० आणि ट्रायबेसिक लेड सल्फेट, ज्याला आपण लाडाने टीबीएलएस म्हणायचो, ते ४ किलो. या टीबीएलएसमध्ये वजनाने ऐंशी टक्क्यांहून अधिक शिसेच असते. म्हणजे दोनशे किलोंच्या बॅचमध्ये तीन किलोंच्या वर शिसे. किलोमागे सुमारे १६ ग्रॅम. युरोपची मर्यादा किलोमागे १ ग्रॅम. दीड एमएमच्या नव्वद मीटर कॉइलवर साधारण साडेसहाशे ग्रॅम आवरण चढते. गुणाकार करा शेठ, हिशेबात तुम्ही माझ्यापेक्षा पक्के आहात. एका कॉइलमागे तोळाभर शिसे. आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या घराला आठ-दहा कॉइल लागतात. आमच्या सुनेला लग्नात आम्ही चार तोळे घालू शकलो. तुम्ही मात्र प्रत्येक घराच्या भिंतीत दहा-दहा तोळे घालत आलात आणि कधी पाटीवर नाव लावून घेतले नाही. एवढा निरपेक्ष दाता या महाराष्ट्रात विरळा.

खोटे बोलणार नाही. भिंतीतल्या नळीत गप्प पडलेली वायर सहसा कुणाला काही करत नाही. तिथे ते शिसे आवरणात अडकून बसते. कुणी हे पत्र वाचून भिंती फोडायला धावू नये. (चार्जरची वायर चघळणारे बाळ घरात असेल तर ती वायर मात्र उचलून ठेवावी. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये दिव्यांच्या माळांच्या खोक्यांवर छापलेले सापडते की वायरीत शिसे आहे, हाताळल्यावर हात धुवा. आपल्याकडे दिवाळीला आपण माळ लावतो आणि त्याच हाताने चकली खातो.) गोष्ट बिघडते ती वायरीच्या दोन टोकांना: ती जन्मते तिथे आणि मरते तिथे.

जन्मते तिथे, म्हणजे मिक्सरवर, तुमचे मामा असत. कारखान्यात सगळे त्यांना मामाच म्हणत. एल-पोते ब्लेडने फाडायचे, खांद्यावर घ्यायचे आणि मिक्सरच्या तोंडात रिकामे करायचे. पांढरी पूड उठायची. मामांच्या तोंडाला रुमाल असे, तोच रुमाल दुपारी भाकरी बांधायला. धूळ ओढून घेणारा पंखा बसवलेला होता, पण तो चालू केला की पूड ‘वाया जाते’ म्हणून तुम्ही तो बंद ठेवायला सांगितले होते. याला म्हणतात काटकसर. मामांच्या पोटात कळा येत, शौचाला होत नसे, चेहरा उतरलेला असे. कारखान्याचे डॉक्टर गॅसची गोळी देत. मी लॅबमध्ये आवरणातले सगळे मोजत होतो: ताण, लांबणी, रोध, घनता. मामांच्या रक्तातले शिसे मोजावे असे मला अकरा वर्षांत एकदाही सुचले नाही. तुम्हाला तर पत्र लिहितोच आहे, पण हा चिमटा मला स्वतःलाही आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमात ज्या व्यवसायजन्य आजारांची खबर सरकारला देणे बंधनकारक केले होते, त्या यादीतले पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते. पहिलेच. यादी वाचायला सुरुवात केली असती तरी पुरे होते.

आणि मरते तिथे? घर पाडले, वायर भंगारात गेली. तांब्याला किंमत आहे, आवरणाला नाही. मग शहराच्या कडेला, नाल्याच्या काठी, रात्री ढीग पेटतो. काळा धूर सकाळपर्यंत राहतो, तांबे लालसर होऊन मोकळे होते. पीव्हीसीत क्लोरीन, शेजारी तांबे, आणि मंद आच: डायॉक्सिन तयार व्हायला याहून चांगली चूल नाही, कारण तांबे त्या प्रक्रियेला उलट हातभारच लावते. शिसे राखेत आणि राख मातीत. कायद्याला हे माहीत नाही असे नाही. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत पीव्हीसी चढवलेल्या तांब्याच्या भंगाराची स्वतंत्र नोंद आहे; ‘ड्रूइड’ असे त्याचे जागतिक भंगारबाजारातले नावही त्यात छापले आहे. ते हाताळायला अधिकृत परवाना लागतो. नाल्याकाठच्या पोरांना परवाना नाही, पण काडेपेटी आहे. आणि जो ढीग जळत नाही, त्याचे आवरण सोलून, दळून, दाणा होऊन परत तुमच्याच दारात येते, ‘रिप्रोसेस’ म्हणून. मग नव्या बॅचमध्ये शिसे न घालताही शिसे येते, आणि तुम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकता की आम्ही तर काही घातलेच नाही!

पण तुम्हाला हे पत्र लिहिण्याचे कारण विष नाही. विषाबद्दल तुम्हाला माझ्याइतकेच माहीत आहे. कारण आहे तो दिवस, ज्या दिवशी जर्मन खरेदीदाराचा ऑडिटर येणार होता.

आदल्या रात्री एल-पोती टेम्पोत भरून तुमच्या मेव्हण्यांच्या गोडाऊनमध्ये गेली. मिक्सर धुतला. नुसता धुतला नाही; दोन बॅच कोऱ्या रेझीनच्या चालवून फेकून दिल्या, की भांड्याच्या कडेला शिशाचा कणही राहू नये. दिवाळीला आमच्या आईने पितळी घंगाळही इतके घासले नसेल. पंखा चालू झाला. मामांना नवा मास्क मिळाला, आणि तो नाकावर बसेना म्हणून ते दिवसभर तो हातात घेऊन फिरले. ऑडिटर आला. त्याने पिस्तुलासारखे एक्सआरएफ यंत्र काढले, आवरणावर टेकवले, आकडा वाचला, पुढचा नमुना. मशीनखालची धूळही तपासली. संध्याकाळी त्याने हात मिळवून सांगितले की तुमचे कंपाउंड उत्तम आहे. आणि ते होतेच, शेठ! ती ई-बॅच मी स्वतः तपासली होती. शिसे यंत्राला सापडत नव्हते, ताण चांगला, रोध चांगला. तुमच्या कारखान्याला निर्मळ वायर बनवता येते, आणि फार सुंदर बनवता येते. हेच तर माझे दुःख आहे. ज्याला येत नाही त्याला शिकवता तरी येते.

तो जर्मन माणूस इतका काटेकोर का, हे तुम्ही मला गाडीत सांगितले होते. २००१ साली डिसेंबरमध्ये, नाताळच्या तोंडावर, नेदरलँड्सच्या अधिकाऱ्यांनी सोनीच्या तेरा लाख प्लेस्टेशनचा माल अडवला. खेळण्यात काही बिघाड नव्हता. कंट्रोलरच्या वायरीत कॅडमियम मर्यादेपेक्षा जास्त निघाले. एका वायरीपायी अख्ख्या कंपनीचा नाताळ गेला, आणि पुढे सोनीने आपल्या पुरवठादारांचे हजारो कारखाने तपासत वायरीचा उगम शोधला. त्यानंतर २००६मध्ये युरोपचा ‘आरओएचएस’ नावाचा निर्बंध लागू झाला: शिसे, पारा, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम आणि दोन ब्रोमिनयुक्त ज्वालारोधके. २०१९पासून त्यात चार थॅलेट आले, त्यांत आपले डीओपीही. तुम्ही गोष्ट सांगून म्हणालात, “तिकडे कायदा म्हणजे कायदा असतो हो.” तुमच्या आवाजात आदर होता. मी तेव्हाही गप्प बसलो.

मग आपल्याकडची तपासणी. एक साहेब आले. कुठल्या कार्यालयाचे ते राहू द्या, भले गृहस्थ होते. त्यांनी जनरेटरच्या धुराड्याची उंची पाहिली, सांडपाण्याच्या टाकीचे झाकण उघडून बंद केले, संमतीपत्रातल्या अटीप्रमाणे लावलेली झाडे मोजली. कडुलिंब दोन कमी होते. शेजारच्या प्लॉटमधले दोन आपले म्हणून दाखवले. पांढऱ्या पोत्यांबद्दल त्यांनी विचारले नाही, कारण त्यांच्या फॉर्ममध्ये पोत्यांचा रकानाच नव्हता. कांदेपोहे खाऊन साहेब गेले. मी हे गमतीने लिहीत असलो तरी दोष त्यांना देत नाही. एका माणसाकडे किती कारखाने असतात ते मी पाहिले आहे.

तुमचा वकिली मुद्दाही मला पाठ आहे. भारतातही हे निर्बंध २०१४च्या मे महिन्यापासून आहेत, ई-कचऱ्याच्या नियमांतून, त्याच सहा नावांचे, त्याच मर्यादांचे. पण ते उपकरणांना! “वायर हे उपकरण नव्हे,” असे तुम्ही मीटिंगमध्ये म्हणायचात. फ्रिज उपकरण, फ्रिजला वीज नेणारी भिंतीतली वायर मात्र अध्यात्म. आणि शिशाशी आपल्या सरकारचे भांडण जुने आहे. २०००च्या फेब्रुवारीत पेट्रोलमधून शिसे गेले. घराच्या रंगांसाठी २०१६ साली नियम झाला, मर्यादा ९० पीपीएम. पीव्हीसीतल्या शिशाचे प्रकरण हरित लवादापर्यंत गेले आणि २०२१ साली त्यावर खास नियम आला. त्या दिवशी तुमचा चेहरा पाहायला हवा होता. तुम्ही नियमाचे नाव वाचलेत, ‘पाइप आणि फिटिंग्ज’, आणि पेढे मागवलेत. तेच पीव्हीसी, तेच शिसे, तोच पुरवठादार. पण पोकळ नळी असेल तर विष आणि आत तांबे भरले की माल.

आणि पकडले गेलात तरी काय? पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होता. २०२३च्या जनविश्वास कायद्याने ती कैद काढून टाकली. आता दहा हजार ते पंधरा लाखांपर्यंतचा दंड. कायद्याचे नावच ‘जनविश्वास’! जनतेने तुमच्यावर विश्वास ठेवावा असा त्याचा अर्थ मी लावतो. दहा हजारांत तर, शेठ, त्या ऑडिटरचे पुण्यातल्या हॉटेलातले एका रात्रीचे बिलही निघाले नव्हते.

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या देशात कोण कुणाला तपासणार? शेजारी बघा. बांगलादेशात हळदीत पिवळा रंग म्हणून लेड क्रोमेट मिसळत. आपल्या सांगलीकरांना ऐकूनही ठसका लागेल. २०१९ साली बाजारातल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे निघाले. सरकारने घाऊक बाजारात तेच पिस्तुलासारखे यंत्र नेले, जागच्या जागी निकाल, जागच्या जागी दंड, वर्तमानपत्रांत बातमी. २०२१मध्ये तोच आकडा शून्यावर आला. कुठलाही नवा शोध लागला नव्हता. कुणीतरी बाजारात जाऊन यंत्र टेकवले, एवढेच.

२०२०मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी मांडलेल्या अंदाजात, रक्तात काळजी करण्याइतके शिसे असलेली भारतातली मुले सुमारे साडेसत्तावीस कोटी होती. त्यात जुन्या बॅटऱ्यांचा वाटा मोठा, भांड्यांचा, मसाल्यांचा, रंगांचा. तुमच्या वायरीचा किती, हे त्या मुलांच्या रक्तावर लिहिलेले नसते. तुमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे, शेठ. शिशावर पत्ता नसतो.

आणि हे सगळे कशासाठी? माझ्या काळच्या हिशेबाने ‘ई’ आणि ‘एल’ यांत कॉइलमागे जो फरक पडायचा त्यात एक कटिंग चहाही येत नव्हता. मी हा हिशेब एकदा कागदावर मांडून तुमच्या टेबलावर ठेवला होता. तुम्ही तो वाचून म्हणालात, “बरोबर आहे तुमचं. पण लोकलला मागतंय कोण?” मग त्याच कागदामागे तुम्ही पॅकिंगवाल्याला हिरव्या पानाचे चित्र काढून दिलेत. पुढच्या महिन्यात पान छापून आले. आतला माल तोच. पान फुकट पडले, कारण खोके तसेही छापायचेच होते. आणि त्या मालाबरोबर जाणाऱ्या चाचणीपत्रावर सही माझी असे. ताण, लांबणी, रोध, सगळे खरे. जे विचारले नव्हते ते लिहिले नव्हते. शेवटची तीन वर्षे तसल्या सह्या केल्यावर मी राजीनामा दिला. शौर्याचे काम नाही ते. उशिराच दिला.

तर गेल्या महिन्यात तापकीर गल्लीतून मी तुमची एक कॉइल विकत घेतली, बिलासकट. घरी लावायला नव्हे. एका ओळखीच्या प्रयोगशाळेत नेऊन तिच्यावर यंत्र टेकवले. आकडा काय आला ते इथे लिहीत नाही. तुमच्या एल-बॅचची पाककृती वर दिलीच आहे, तुमची चव अजून बदललेली नाही एवढेच कळवतो. बिल, खोके, पान आणि कॉइल जपून ठेवली आहे. घराला दुसरी वायर लावली, तीही तपासून. दुकानदार म्हणाला, “काका, वायर तपासून घेणारे तुम्ही पहिलेच.” मी त्याला म्हटले, दुसरा जर्मनीहून येतो.

वाचकांना माझी एवढीच विनंती आहे की कॉइल घेताना पानाकडे पाहू नये. ‘शिशाचे प्रमाण किती, ते बिलावर लिहून द्या,’ असे म्हणावे. दुकानदार लिहून देणार नाही. पण तो डीलरला विचारेल, डीलर तुम्हाला विचारेल, आणि ‘लोकलला मागतंय कोण’ या तुमच्या प्रश्नाला, शेठ, एखादे तरी उत्तर तुमच्या टेबलावर येऊन पडेल.

कळावे, लोभ आहे म्हणवत नाही.

आपला,
एक माजी केमिस्ट

ता. क. मामा मागच्या वर्षी निवृत्त झाले. उजवा हात मनगटातून धड उचलत नाही. डॉक्टरांनी वयाचा दोष सांगितला आहे. त्यांच्या रक्तातले शिसे आजवर कुणी तपासलेले नाही. पत्ता तुमच्या हजेरीपुस्तकात आहे.